कागदाचे आकार आणि √२ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ए४, बी५, लेटर, लीगल, एसआरए३ या मापांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातला भाग दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेगळं काही म्हटलं नसेल तर मापं मिलिमीटरमध्ये समजावीत.

१. ए४ मधला ४ कशाचा? आकडा वाढतो तसा कागद लहान का होत जातो?

तो आकडा माप सांगत नाही, मूळ ताव किती वेळा अर्धा केला ते सांगतो. मूळ ताव म्हणजे ए०, ८४१ × ११८९. लांब बाजूच्या मधोमध कापला की दोन ए१ मिळतात, त्यातला एक कापला की दोन ए२. चार वेळा अर्धा केलेला ए० म्हणजे ए४. म्हणून एका ए० मधून १६ ए४ निघतात, ३२ ए५ आणि ६४ ए६.

२. २१० × २९७ असले अडनिडे आकडे का? सरळ २०० × ३०० ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

२०० × ३०० चा कागद अर्धा करा. १५० × २०० मिळेल. मूळ कागदाची उंची रुंदीच्या दीडपट होती, अर्ध्या कागदाची १.३३ पट झाली. म्हणजे आकारच बदलला. मोठ्या कागदावरचं चित्र लहान करून त्यावर बसवायला गेलात तर एक तर कडेला पट्टी कोरी राहील, नाही तर चित्र कापलं जाईल.

ए मालिकेला दोन अटी आहेत. पहिली, अर्धा केल्यावर कागदाचं प्रमाण तेच राहिलं पाहिजे. दुसरी, ए० चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर असलं पाहिजे. पहिल्या अटीतून प्रमाण ठरतं (प्रश्न ३), दुसरीतून प्रत्यक्ष माप. दोन्ही एकत्र मांडल्या की ए० ची लांब बाजू २ चं चौथं मूळ, म्हणजे १.१८९२ मीटर येते आणि आखूड बाजू ०.८४०९ मीटर. जवळच्या मिलिमीटरला आणलं की ११८९ आणि ८४१.

पुढे नियम एकच: लांब बाजू निम्मी करायची आणि अर्धा मिलिमीटर उरला तर सोडून द्यायचा. ११८९ चे निम्मे ५९४.५, घ्यायचे ५९४. ८४१ चे निम्मे ४२०.५, घ्यायचे ४२०. ५९४ चे २९७, ४२० चे २१०. आला ए४. तक्ता पाठ करायची गरजच नाही. ८४१ आणि ११८९ लक्षात असले की बाकी सगळं बोटांवर काढता येतं.

३. अर्धा करूनही आकार तोच राहायला √२ च का लागतं?

कागदाची रुंदी १ आणि उंची क्ष धरा. आडवा मधोमध कापला की तुकड्याची लांब बाजू १ होते आणि आखूड बाजू क्ष/२. दोन्हींचं प्रमाण सारखं हवं, म्हणजे

क्ष ÷ १ = १ ÷ (क्ष/२)

यावरून क्ष × क्ष = २. याला धन उत्तर एकच, √२, म्हणजे १.४१४२१… दुसरा पर्यायच नाही. कुणाला आवडलं म्हणून हे प्रमाण निवडलेलं नाही; एकदा अट घातली की ते आपोआप येतं.

दोनऐवजी तीन सारखे तुकडे करून तेच प्रमाण टिकवायचं असेल तर √३ लागेल, चार केले तर २. तीन तुकड्यांचा कागद मात्र फारच लांबट होतो, आणि मधली घडी घालायला जितकी सोपी तितकी तिसऱ्या भागाची घडी नसते.

४. म्हणजे हेच ते सुवर्ण गुणोत्तर ना?

नाही. सुवर्ण गुणोत्तर १.६१८. त्याचा गुण वेगळा: त्या प्रमाणाच्या आयतातून एक चौरस कापून घेतला की उरलेला तुकडा मूळ आयताशी समरूप असतो. तो मधोमध कापला तर १.२३६ प्रमाणाचा बुटका तुकडा मिळतो. कागदाच्या धंद्यात मधोमध कापणं हे रोजचं काम, चौरस कापून बाजूला ठेवणं नव्हे.

जाता जाता: बँकेचं कार्ड सुवर्ण आयत असतं असंही बरेचदा सांगितलं जातं. त्याचं ठरलेलं माप ८५.६० × ५३.९८ आहे आणि प्रमाण १.५८६. जवळपास आहे, पण ते नव्हे.

५. √२ तर अपरिमेय संख्या. मग पूर्ण मिलिमीटरमध्ये कापलेल्या कागदाचं प्रमाण √२ कसं असेल?

नसतंच. एकाही प्रत्यक्ष कागदाचं प्रमाण नेमकं √२ नाही. पण किती जवळ आहे ते बघण्यासारखं आहे.

ए४ ची दोन्ही मापं ३ ने भागा: २९७ चे ९९, २१० चे ७०. आता ९९ चा वर्ग ९८०१. ७० चा वर्ग ४९००, त्याची दुप्पट ९८००. प्रमाण तंतोतंत √२ असतं तर हे दोन आकडे सारखे आले असते. फरक फक्त एकाचा. मिलिमीटरच्या भाषेत सांगायचं तर २१० रुंदीला आदर्श उंची २९६.९८५ हवी, आपण २९७ घेतो.

आता ए० कडे या. ८४१ म्हणजे २९ × २९ आणि ११८९ म्हणजे २९ × ४१. प्रमाण ४१/२९. ४१ चा वर्ग १६८१, २९ च्या वर्गाची दुप्पट १६८२. इथेही एकाचाच फरक, पण उलट्या बाजूला. म्हणजे ए० हवा त्यापेक्षा किंचित आखूड आणि ए४ किंचित उंच.

४१/२९ आणि ९९/७० हे एकाच साखळीतले शेजारी आहेत: १/१, ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९, ९९/७०… पुढचा छेद म्हणजे आधीच्या अंश-छेदांची बेरीज, आणि पुढचा अंश म्हणजे आधीचा अंश अधिक छेदाची दुप्पट. ही साखळी √२ च्या आलटून पालटून खाली-वर होत जवळ सरकत जाते. आणखी दोन पायऱ्या गेलात तर ५७७/४०८ येतो, आणि बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी दिलेली किंमत नेमकी हीच आहे. ए० आणि ए४ दोघेही या साखळीत सापडावेत असं कुणी ठरवलं नव्हतं. एक चौरस मीटरची अट आणि अर्धा मिलिमीटर सोडायचा नियम यातून ते घडलं. मला यातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

लहान आकारांत मात्र मिलिमीटर सोडणं जाणवू लागतं. ए८ (५२ × ७४) चं प्रमाण १.४२३ आहे, ए९ (३७ × ५२) चं १.४०५.

६. दोन ए५ शेजारी ठेवले तर ए४ पेक्षा एक मिलिमीटर कमी भरतात. कागद खराब आहे का?

कागद ठीक आहे. २९७ चे निम्मे १४८.५, त्यातला अर्धा सोडून ए५ ची रुंदी १४८ ठरली आहे. दोनांचे २९६.

शिवाय आंतरराष्ट्रीय मानकातच (आयएसओ २१६, प्रश्न १८) कापण्याची सूट आहे: १५० पर्यंतच्या मापाला १.५ मिमी कमी-जास्त, १५० ते ६०० ला २ मिमी, त्यावर ३ मिमी. म्हणजे २०८ रुंदीचा कागदही ए४ आणि २१२ रुंदीचाही. प्रश्न ५ मधला ०.०१५ मिमीचा हिशेब या सुटीपुढे काहीच नाही. पातं इतकं बारीक कापतच नाही.

७. पट्टी हाताशी नाही. समोरचा कागद ए४ च्या प्रमाणाचा आहे का, हे कसं ओळखू?

दोन घड्या घालून. कागद उभा धरा. वरची आखूड बाजू डाव्या लांब बाजूवर तंतोतंत बसेल अशी तिरकी घडी घाला. आता वरच्या डाव्या कोपऱ्यातून एक तिरकी दुमड निघालेली दिसेल. आखूड बाजूवर उभ्या केलेल्या चौरसाचा तो कर्ण आहे, म्हणून त्याची लांबी आखूड बाजूच्या √२ पट. तोच कोपरा धरून ही दुमडलेली कड पुन्हा डाव्या लांब बाजूवर आणा. दुमडीचं टोक खालच्या डाव्या कोपऱ्यावर नेमकं टेकलं तर प्रमाण √२.

लेटर आकाराच्या कागदावर (लेटर आणि लीगलची मापं प्रश्न १३ मध्ये) हे टोक कोपऱ्याच्या जवळजवळ २६ मिमी खाली लोंबतं. लीगलवर कोपरा गाठायच्या आधीच सुमारे ५० मिमी वर थांबतं. घडीने फक्त प्रमाण कळतं. ए४ आहे की ए५, ते डोळ्यांनी ठरवा.

८. ए४ ची झेरॉक्स ए५ वर काढायची तर ५० टक्के का नाही? मशीन ७१ का दाखवतं?

मशीनवरचा टक्का लांबीचा असतो, क्षेत्रफळाचा नव्हे. क्षेत्रफळ निम्मं करायला प्रत्येक बाजू √½ पट, म्हणजे ७०.७ टक्के करावी लागते. मोठं करताना √२, म्हणजे १४१ टक्के. ५० टक्के लावलंत तर दोन्ही बाजू निम्म्या होऊन चित्र ए६ एवढं होईल.

ए४ वरून बी४ वर (बी मालिका प्रश्न ११ मध्ये) जायला ११९ टक्के आणि बी४ वरून ए४ वर यायला ८४. दोनदा ११९ केलं की १४१ होतं, कारण ११९ हे २ च्या चौथ्या मुळातून आलंय. (जपानी बी साठी आकडे वेगळे, प्रश्न १२.)

अक्षरंही त्याच प्रमाणात आक्रसतात. १२ पॉइंटचा मजकूर एका कागदावर दोन पानं घेऊन छापला की साधारण ८.५ पॉइंटचा होतो, चार पानं घेतली की ६ पॉइंटचा. आठ बसवायच्या आधी वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करा.

९. एका कागदावर २, ४, ९ पानं नीट बसतात. ६ पानं घेतली की एवढी कोरी जागा का सुटते?

दोनाच्या घातांत (२, ४, ८, १६) प्रत्येक खण √२ प्रमाणाचाच राहतो. ९ म्हणजे ३ × ३, दोन्ही बाजू सारख्याच भागल्या, म्हणून प्रमाण टिकतं: ७० × ९९ चे खण. ६ म्हणजे २ × ३. ए४ चे खण १०५ × ९९ होतात, जवळजवळ चौरस. त्यात उभं पान बसवलं की बाजूला जागा सुटणारच. सेटिंग कितीही बदला, ती जाणार नाही.

१०. ८० जीएसएम म्हणजे एका पानाचं वजन किती?

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. ए० एक चौरस मीटरचा, म्हणून ८० जीएसएमचा ए० ८० ग्रॅमचा. ए४ त्याचा सोळावा भाग: ५ ग्रॅम. ५०० पानांचं रीम अडीच किलो. ७० जीएसएम असेल तर रीम सुमारे २.१९ किलो.

उलटंही करता येतं. वेष्टन हरवलेल्या गठ्ठ्यातली १६ ए४ पानं वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, तितका जीएसएम.

११. ए असताना बी आणि सी मालिका कशाला?

ए मालिकेत एका पायरीला क्षेत्रफळ एकदम दुप्पट होतं. ए४ लहान पडतो आणि ए३ फार मोठा होतो, अशा वेळी मधलं काही हवं असतं. बी मालिका तिथे बसते: बी४ हा ए४ आणि ए३ चा भूमितीमध्य. आकडे घालून बघा, √(२१० × २९७) = २४९.७, म्हणून बी४ ची रुंदी २५०. बी० ची आखूड बाजू नेमकी एक मीटर येते: १००० × १४१४. पासपोर्टची पुस्तिका ८८ × १२५ असते, म्हणजे बी७.

सी मालिका लिफाफ्यांची. ती ए आणि त्याच क्रमांकाच्या बी यांच्या मधोमध, पुन्हा भूमितीमध्यानेच. ए४ कागद घडी न घालता सी४ (२२९ × ३२४) मध्ये जातो, एक घडी घातली की सी५ मध्ये, दोन घातल्या की सी६ मध्ये.

पायऱ्या सारख्या नाहीत, हे मात्र बऱ्याच जणांना खटकतं. ए४ ते सी४ ९ टक्के, सी४ ते बी४ ९ टक्के, आणि बी४ ते ए३ एकदम १९ टक्के. लिफाफा आतल्या कागदापेक्षा थोडासाच मोठा हवा, म्हणून सी खालच्या अर्ध्या भागातच आहे.

नेहमीचा लांबट लिफाफा, डीएल, ११० × २२० चा. त्याचं प्रमाण २, √२ शी संबंध नाही. दोन घड्या घालून ए४ चे तीन सारखे भाग केले की तो ९९ × २१० होतो आणि त्यात बसतो. उपयोगाचा आहे, पण या कुळातला नाही.

१२. बी५ वही घेतली, पण बी५ कव्हर तिला लहान पडतं. असं का?

वही बहुधा जपानी मापाची आहे. जपानी मानकात बी चं क्षेत्रफळ त्याच क्रमांकाच्या ए च्या दीडपट धरतात, म्हणजे भूमितीमध्याऐवजी अंकगणिती मध्य. त्यामुळे आंतरराष्ट्रीय बी५ १७६ × २५० चा आणि जपानी बी५ १८२ × २५७ चा. दोन्हींचं प्रमाण √२ च आहे, म्हणून शेजारी ठेवल्याशिवाय फरक लक्षात येत नाही. ए४ वरून जपानी बी४ वर जायला ११९ नव्हे, १२२ टक्के लागतात.

१३. लेटर आणि लीगलमागे काही गणित आहे की नाही?

लेटर ८.५ × ११ इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४. प्रमाण १.२९४. अर्धा केला की १.५४५, पुन्हा अर्धा केला की परत १.२९४. हा योगायोग नव्हे. कोणत्याही आयताचं प्रमाण प असेल तर अर्ध्याचं २/प होतं, आणि अर्ध्याच्या अर्ध्याचं पुन्हा प. म्हणजे जगातला प्रत्येक कागद दोन आकारांत आलटून पालटून फिरतो. जुना क्राऊन ताव, १५ × २० इंच, ४:३ आणि ३:२ मध्ये फिरतो. हे दोन्ही आकार जिथे एकच होतात ते प्रमाण म्हणजे √२.

तेव्हा लेटरही एका पायरीआड समरूपच असतो. पण झेरॉक्सला पायरीआड चालत नाही. लीगल (८.५ × १४ इंच) या साखळीत बसत नाही, लेटरची रुंदी ठेवून उंची वाढवलेला कागद आहे तो.

१४. लेटर मापाची पीडीएफ ए४ वर छापताना कोणता पर्याय निवडू?

लेटर ए४ पेक्षा जवळजवळ ६ मिमी रुंद आणि १७.६ मिमी आखूड आहे. साधा मजकूर असेल तर 'पानात बसवा'. तो ९७ टक्क्यांवर येईल आणि कुणाला कळणारही नाही. ए४ ची फाइल लेटरवर छापताना ९४ टक्के. स्केल धरून काढलेलं रेखाचित्र, शिवणाचा पॅटर्न, लेबलांचा कागद यांना मात्र 'मूळ आकार'च ठेवा. दोन्ही बाजूंना ३-३ मिमी कापलं गेलं तरी हरकत नाही, पण नकाशावरचा सेंटिमीटर सेंटिमीटरच राहिला पाहिजे.

१५. ए४ वर चारही बाजूंना सारखा समास ठेवला. मजकुराच्या चौकटीचं प्रमाण √२ राहतं का?

नाही. १० मिमी समास ठेवलात तर चौकट १९० × २७७, प्रमाण १.४५८. समास वाढवाल तशी ती आणखी लांबट होते. चौकटही √२ ची हवी असेल तर वर-खालचा समास बाजूच्या समासाच्या १.४ पट ठेवा, उदाहरणार्थ बाजूला २० आणि वर-खाली २८. अख्खं पान लहान-मोठं करताना याने फरक पडत नाही, कारण समासही बरोबर बदलतात. चौकट तेवढी उचलून दुसऱ्या मापाच्या पानावर बसवायची असते तेव्हा पडतो.

१६. छापखान्याने एसआरए३ वर छापू म्हटलं. ए३ का नाही?

रंग कडेपर्यंत हवा असेल तर छपाई कडेच्या बाहेर नेऊन मग कापावी लागते. ए३ ला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड धरला की ३०३ × ४२६ होतं, वर मशीनला पकडायला जागा हवी. एसआरए३ ३२० × ४५० चा असतो. त्याचं प्रमाण १.४०६ आणि एसआरए४ चं १.४२२, गुणाकार २, प्रश्न १३ च्या नियमाप्रमाणे. शेवटी कापूनच टाकायचा कागद, प्रमाण थोडं हललं तरी चालतं.

१७. ए४ म्हणजे किती पिक्सेल?

रेझोल्यूशन सांगितल्याशिवाय उत्तर नाही. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८. छपाईच्या पॉइंटमध्ये ५९५ × ८४२. हा दुसरा आकडा ओळखीचा वाटला ना? ए१ मिलिमीटरमध्ये ५९४ × ८४१ आहे. एका मिलिमीटरमध्ये २.८३५ पॉइंट असतात, आणि ए४ वरून ए१ वर जायला बाजू २√२, म्हणजे २.८२८ पट होते. दोन आकडे योगायोगाने शेजारी आले, एवढंच.

१८. ही कल्पना कुणाची?

गटिंगेनचे भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग यांनी २५ ऑक्टोबर १७८६ रोजी योहान बेकमान यांना लिहिलेल्या पत्रात १ : √२ च्या कागदाचा उल्लेख आहे. १७९८ च्या फ्रान्सच्या मुद्रांक कायद्यात आजच्या ए२, ए३ शी जुळणारी मापं होती, पण ती मागे पडली. १९११ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी हेच प्रमाण घेतलं, पण सुरुवात एका सेंटिमीटरच्या बाजूपासून केली. त्यांच्याकडे काम केलेल्या वाल्टर पोर्स्टमान यांनी बाजूऐवजी एक चौरस मीटर क्षेत्रफळ पायाला घेतलं, आणि १९२२ मध्ये ते डीआयएन ४७६ हे जर्मन मानक झालं. आंतरराष्ट्रीय आयएसओ २१६ आलं १९७५ मध्ये. प्रश्न १० मधला वजनाचा सोपा हिशेब पोर्स्टमान यांच्या त्या निवडीमुळे.

१९. ए० पेक्षा मोठा कागद असतो का?

जर्मन मानकात २ए० (११८९ × १६८२) आणि ४ए० (१६८२ × २३७८) आहेत.

२०. ए१, त्याशेजारी ए२, मग ए३… असा प्रत्येकी एक कागद ठेवत गेलो तर ए० पूर्ण भरेल का?

कागदावरच्या गणितात हो, पण न संपता: ½ + ¼ + ⅛ + … ची बेरीज १ कडे जाते. ए१० पर्यंत थांबलात तर नेमका आणखी एका ए१० एवढा भाग उरायला हवा. प्रत्यक्ष मापं घेऊन बेरीज केली तर ए१ ते ए१० मिळून ९,९७,२६८ चौरस मिलिमीटर होतात आणि ए० आहे ९,९९,९४९ चा. उरले २,६८१, म्हणजे एक नव्हे, जवळजवळ तीन ए१०. जास्तीची जागा कुठे गेली ते प्रश्न २ मध्ये आहे: सोडून दिलेल्या अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांत. ए० ची सगळ्यात लांब फट ए१ ला लागूनच पडते, अर्धा मिलिमीटर रुंद आणि ८४१ लांब.